अजगराच्या भुकेच्या किल्ल्या

पाच आठवडे! घरात नवा आलेला जीव पाच आठवडे अन्नाला तोंड लावत नाही. तरीही संध्याकाळी दिवे मंदावले की तो शांतपणे डोकं वर काढतो, जीभ लपलपवतो, इकडेतिकडे बघतो आणि पुन्हा वेटोळ्यात शिरतो. तळमळ नाही, अशक्तपणा नाही, कसलीही मागणी नाही. आपण असं पाच दिवस तरी राहू शकू का?

गेल्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीला ताईकडे गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या चौदा वर्षांच्या भाचीनं बऱ्याच मिनतवाऱ्या करून वाढदिवसाला साप मिळवला होता. बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला एक छोटेखानी अजगर. जेमतेम दीड फूट लांब, वजन ११० ग्रॅम. घाबरला की तो अंगाचं घट्ट वेटोळं करतो आणि डोकं मधोमध दडवतो. म्हणून इंग्रजीत त्याचं नाव ‘बॉल’ आणि ताईच्या घरात ‘लाडू’.

दर शनिवारी संध्याकाळी भाची लांब चिमट्यात उंदराचं पिल्लू धरून काचेच्या पेटीसमोर बसायची आणि दर शनिवारी लाडू तोंड फिरवायचा. ताईला साप मुळीच आवडत नाही, पण आपल्या घरात कुणीतरी उपाशी झोपतंय हे तिला त्याहून सहन होत नव्हतं. ‘नखरे करतोय गं, भूक लागली की झक्कत खाईल,’ मी म्हणालो. भाचीनं मान हलवली. ‘मामा, तो नखरे नाही करत. तो काहीतरी सांगतोय, मलाच कळत नाहीये.’

तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी मिळून जे वाचलं, पाहिलं, करून बघितलं, त्यानं मी इतका थक्क झालो की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी एक साधी गोष्ट. जगात सापांच्या चार हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या किती शाकाहारी असतील? एकही नाही! सरड्यांच्या भाऊबंदांत पानं खाणारे इग्वाना आहेत, कासवांत गवत चरणारी आहेत, पण साप मात्र झाडून सगळे मांसाहारी. आपल्याकडे नागपंचमीला त्यांच्यापुढे दुधाची वाटी ठेवायची रीत होती. पण साप काही आईचं दूध पिऊन वाढत नाही आणि दूध त्याला पचतही नाही. वाटीला तोंड लावणारा नाग तहानेनं कासावीस झालेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

बरं, मांसाहारी म्हणजे काहीही खाणारे का? तर तेही नाही. नागराजाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘साप खाणारा’ असा आहे आणि त्याच्या ताटात प्रामुख्यानं दुसरे सापच असतात. आपल्या विदर्भात वर्ध्याकडे भारतीय अंडीखाऊ साप आढळतो. महाराष्ट्रातून त्याची पहिली शास्त्रीय नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. तो पक्ष्यांची अंडी खातो. अख्खं अंडं गिळतो, आणि ते फोडायचं काम करतात त्याच्या मणक्यांची खालची टोकं! पाठीचा कणाच अन्ननलिकेत डोकावून अडकित्त्याचं काम करतो. ज्याच्या हाडांत त्याचा जेवणाचा बेत कोरलेला आहे, त्याला ‘आज जरा उंदीर खाऊन बघ’ असं कसं सांगणार?

मग लाडूच्या हाडांत काय कोरलेलं होतं? ते समजून घ्यायला त्याच्या गावी जायला हवं.

बॉल पायथनचं गाव म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा सेनेगलपासून युगांडापर्यंतचा पट्टा. घाना, टोगो, बेनिन या तीन देशांतून हे साप लाखोंच्या संख्येनं अमेरिका-युरोपातल्या घरांत गेले. बेनिनमधल्या विदा या गावात तर अजगरांचं मंदिरच आहे. तिथे डझनावारी बॉल पायथन मोकळे वावरतात आणि वाट चुकून कुणाच्या घरात शिरले तर लोक त्यांना आदरानं परत आणून सोडतात. रानात हा प्राणी दिवसभर उंदीर-घुशींच्या बिळात नाहीतर वारुळात पडून असतो. वारुळ! मुंग्या-वाळव्यांनी बांधायचं आणि सापानं राहायचं, हे आपल्या म्हणीतलं चित्र तिकडे आफ्रिकेतही तसंच्या तसं खरं आहे. आत अंधार, ओलसर ऊब, आणि अंगाला सगळीकडून टेकणाऱ्या भिंती. रात्र पडली की तो बाहेर येतो.

आता लाडूची पेटी आठवा. ताईच्या दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी, चारही बाजूंनी काच. आत एक शोभेची फांदी आणि पाण्याची वाटी. दिवसभर माणसांची ये-जा, शाळेतून आल्यावर मैत्रिणींचा घोळका, प्रत्येकीच्या हातावर एकदा लाडू. आपल्याला ती पेटी हवेशीर, प्रशस्त वाटते. लाडूच्या दृष्टीनं मात्र तो भर चौकात उघड्यावर पडलेला होता. आणि उघड्यावर पडलेला साप जेवत नाही, कारण जेवणं हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे.

का? जेवण म्हणजे आपल्याला विसावा वाटतो. पण सापाला हात नाहीत, घास चावून बारीक करायचे दात नाहीत. तोंडात भक्ष्य अडकलं असताना तो चावू शकत नाही, आणि पोटात आख्खा प्राणी असताना चपळाईनं पळू शकत नाही. वरून एखादी घार आली तर संपलंच. पण खरा धोका, किंवा खरा खर्च म्हणा, तो पुढेच सुरू होतो. इथे जरा थांबू या, कारण मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त वेड लावलं ते याच भागानं.

साखर कारखान्याचा गळीत हंगाम कधी पाहिलाय? वर्षातले कित्येक महिने कारखाना थंड असतो. मग हंगाम येतो, बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते आणि बघता बघता चरक, कढया, चिमण्या सगळं धडधडायला लागतं. हंगाम संपला की पुन्हा सामसूम. आपलं पोट हे बारा महिने चालणारं हॉटेल आहे. अजगराचं पोट म्हणजे साखर कारखाना. दोन जेवणांच्या मधल्या काळात त्याचं आतडं आक्रसून जातं आणि पाचक आम्लाचं उत्पादन जवळजवळ बंद पडतं. न वापरलेली यंत्रं गरम ठेवायला तो इंधन जाळत नाही.

आणि भक्ष्य पोटात पडलं की? स्टीफन सीकॉर आणि जेरेड डायमंड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात बर्मीज अजगरांवर हे मोजलं. मोठ्या जेवणानंतर त्यांचा ऊर्जेचा खर्च विश्रांतीच्या काळाच्या ४४ पटींपर्यंत चढला! शर्यतीचा घोडा भरधाव सुटतो तेव्हा त्याचा खर्च साधारण इतक्याच पटींनी वाढतो. पण घोडा काही मिनिटंच धावतो. अजगर दिवसचे दिवस, जागचा न हलता, नुसता पडल्या पडल्या, आतल्या आत ती शर्यत धावत असतो. आतड्याचं वजन दुपटीच्या घरात जातं. यकृत, मूत्रपिंडं फुगतात. आणि हृदय? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणानंतर ४८ तासांत अजगराच्या हृदयाचा स्नायू ४० टक्क्यांनी वाढलेला आढळला. दोन दिवसांत हृदय जवळजवळ दीडपट! जेवण पचलं की सगळं पुन्हा पूर्ववत.

२०११ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या लेस्ली लाइनवँड यांच्या गटानं त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली. जेवलेल्या अजगराच्या रक्तात तीन मेदाम्लांचं एक ठराविक मिश्रण असतं. ते मिश्रण उंदरांना टोचलं, तर उंदरांचंही हृदय वाढलं, आणि ती वाढ आजाराची नव्हती, व्यायामानं होते तशी निरोगी होती. अजगराच्या जेवणातून माणसाच्या हृदयरोगावर काही हाती लागतं का, हे शोधणारे लोक आज जगात आहेत!

आता सांगा, बॉयलर पेटवण्याचा एवढा खर्च असेल तर एका बैलगाडीभर उसासाठी कुणी कारखाना सुरू करेल का? जागा भरवशाची नाही, ऊब पुरेशी नाही, भक्ष्य ओळखीचं नाही, अशा वेळी तोंड मिटून बसणं हाच शहाणपणा. मी ज्याला नखरे म्हणत होतो तो काटेकोर हिशेब होता.

आणि हा हिशेब त्याला परवडतो, कारण थांबायची त्याची ताकद अचाट आहे. मार्शल मकक्यू या संशोधकानं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन जातींच्या सापांना सुमारे सहा महिने उपाशी ठेवलं होतं. त्या तीन जातींत आपला बॉल पायथनही होता. त्यांनी स्वतःचा विश्रांतीचा खर्च आणखी खाली आणला, काहींनी तर सत्तर टक्क्यांपर्यंत. मुळात ज्याचा खर्च आपल्या मानानं नगण्य, त्यानं त्यातही एवढी काटकसर करायची! आणि कहर म्हणजे, त्या उपासाच्या काळात साप लांबीनं वाढले. वजन घटतंय आणि लांबी वाढतेय. खायला नाही, पण पुढे मोठं भक्ष्य गिळता यावं म्हणून अंग मात्र वाढवून ठेवायचं. रानातही मोठे बॉल पायथन विणीच्या हंगामात महिनोन्महिने खात नाहीत. मादी अंड्यांना विळखा घालून दोनेक महिने बसते, बहुधा काही न खाताच.

हे वाचून ताईच्या जिवात जीव आला. भाचीनं एक छोटा डिजिटल काटा आणला आणि दर आठवड्याला लाडूचं वजन वहीत लिहायला लागली. ११० वरून १०५ ग्रॅम. वजनात दहा टक्क्यांची घट झाली तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, हे पक्कं ठरलं. लहान पिल्लाच्या बाबतीत बेफिकीर राहून चालत नाही. तोंडातून फेस, श्वासाला घरघर, अंग ढिलं पडणं असं काही दिसलं तर दहा टक्क्यांचीही वाट बघायची नसते.

मग आम्ही वारुळ बांधायला घेतलं.

पेटी दिवाणखान्यातून भाचीच्या खोलीच्या कोपऱ्यात गेली. तीन बाजूंना काळा कागद लागला. आत दोन लपायच्या जागा आल्या, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. दोन का? कारण एकच असली तर सापाला दरवेळी निवडावं लागतं: ऊब हवी की लपणं हवं? आणि बहुतेक वेळा तो लपणं निवडतो, मग गारठ्यात बसून राहतो. लपायची जागा मोठी नको. वेटोळ्याला चहूबाजूंनी भिंत टेकेल इतकीच. बाकीच्या मोकळ्या जागेत वाळका पाला, बुचाच्या सालीचे तुकडे, कृत्रिम वेली.

मग तापमान. पेटीवरच्या गोल काट्यावर ३२ अंश दिसत होतं. भाचीनं सेन्सरची वायर खाली, नेमकी सापाच्या पोटाखालच्या जागी ठेवली आणि आकडा आला २६! हीटरची ऊब वर चढत होती, खाली पोहोचतच नव्हती. न्यू जर्सीचा जानेवारी, रात्री खोलीत गारवा. साप स्वतःची उष्णता स्वतः तयार करत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. बॉयलरला लागणारी आच बाहेरूनच यायची आणि तीच नाही, तर गिळलेला उंदीर पोटात पचण्याआधी कुजेल. लाडूला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याच्या शरीराला ते ठाऊक होतं. थर्मोस्टॅट लावून उबदार टोक ३२ अंशांवर आणि गार टोक २६च्या आसपास स्थिर केलं. ओलावा साठ टक्क्यांपर्यंत नेला. आणि मग आमच्या भाचीनं सगळ्यात अवघड काम केलं: आठवडाभर त्याला हातच लावला नाही. फक्त पाणी बदलायचं, बाकी जणू पेटी रिकामीच आहे.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या गावी धामण, नाग, अजगर, दिवड, कुठलाही देशी साप घरी पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. बॉल पायथनसारख्या विदेशी प्राण्यांच्या मालकीची नोंदही २०२२च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी करावी लागते. आपल्या सापांना भेटायचं तर पुण्याला कात्रजचं सर्पोद्यान आहे, आणि पावसाळ्यातलं शेत आहे.

लाडूकडे परत येऊ. जागा झाली, ऊब झाली. पुढची गोष्ट म्हणजे, समोर आलेली वस्तू जेवण आहे हे सापाला कळतं कसं?

आपण ताटाकडे बघतो. साप ताट चाटतो, खरं म्हणजे हवा चाटतो. त्याची दुभंगलेली जीभ बाहेर येते, हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण टिपते आणि टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे पोहोचवते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग याकोबसन या डॅनिश शल्यवैद्यानं त्याचं वर्णन केलं, म्हणून ते याकोबसनचं इंद्रिय. आणि जिभेला दोन टोकं का? आपल्याला दोन कान का, त्याचसाठी! उजव्या टोकाला गंध जास्त लागला की उजवीकडे वळायचं. साप वासाची दिशा चाखतो.

त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे कुठला वास जेवणाचा, हे पुष्कळ साप जन्मतःच जाणतात. १९६०च्या दशकात गॉर्डन बर्गहार्ट यांनी अमेरिकेतल्या गार्टर सापांच्या नवजात, एकही घास न खाल्लेल्या पिल्लांसमोर कापसाचे बोळे धरले. गांडुळाच्या किंवा माशाच्या अर्कात भिजवलेला बोळा पुढे आला की पिल्लं त्या कापसावर तुटून पडायची! पुढे स्टीव्हन अर्नोल्ड यांनी कॅलिफोर्नियात पाहिलं की एकाच जातीच्या सापांची किनाऱ्यावरची पिल्लं कवच नसलेली गोगलगाय आवडीनं खातात, आणि डोंगरापलीकडची बहुतेक पिल्लं तिला शिवतही नाहीत. किनाऱ्यावर त्या गोगलगायी मुबलक, पलीकडे नाहीतच. कोकणातल्या पोरानं पहिला घास माशाचा मागावा आणि देशावरच्यानं भाकरीचा, तेही आईच्या पोटातून बाहेर पडल्या पडल्या, कुणीही न शिकवता!

साप पाळणाऱ्यांची सगळ्यात जुनी युक्ती याच्यावरच उभी आहे: उंदराला दुसऱ्या भक्ष्याचा वास लावायचा. बेडूक खाणाऱ्या सापासाठी उंदराला बेडकाचा वास, पाल खाणाऱ्या पिल्लासाठी पालीचा. नागराजासाठी तर उंदराला सापाचा वास चोळतात.

मग लाडूसाठी कसला? नायजेरियात लुका लुइसेली आणि फ्रान्सेस्को आंजेलिची यांनी रानातले बॉल पायथन काय खातात ते तपासलं होतं. मोठे अजगर मुख्यतः उंदीर-घुशी खातात. पण लहान, सत्तर सेंटिमीटरच्या आतले? ते मुख्यतः छोटे पक्षी खातात! भाचीनं हे मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा ताई स्वयंपाकघरातून हातातला उलथना घेऊन बाहेर आली. ‘म्हणजे याला चिऊचा घास हवाय?’ तिनं विचारलं. भाचीला लहानपणी ज्या नावानं एकेक घास भरवला, तो इथे अक्षरशः खरा होता.

वास झाला, पण अजून एक इंद्रिय बाकी आहे, आणि ते तर आपल्याकडे नाहीच. लाडूच्या वरच्या ओठाच्या कडेनं बारीक खाचांची रांग आहे. त्या खाचा उष्णता बघतात. पूर्ण अंधारात उंदीर त्याला दिसतो तो त्याच्या अंगच्या उबेनं. डोळ्यांचं चित्र आणि उबेचं चित्र मेंदूच्या एकाच भागात एकमेकांवर बसतात, म्हणजे नकाशावर पारदर्शक कागद ठेवावा तसे.

या खाचांना उष्णता कळते कशी, हे २०१० साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं. हेच ज्युलियस, ज्यांना मिरचीचा तिखटपणा आपल्या नसांना कसा कळतो हे शोधल्याबद्दल २०२१चा नोबेल विभागून मिळाला. सापाच्या खाचांत त्यांना जे प्रथिन सापडलं, ते आपल्याकडेही आहे. आपल्यात ते काय करतं, ठाऊक आहे? लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जी सणक जाते आणि डोळ्यांत पाणी येतं, ती त्या प्रथिनाची करामत! आपल्या नाकातला मोहरीचा पहारेकरी सापाच्या ओठात जाऊन अंधारात बघणारा डोळा झाला. फेसलेल्या मोहरीचा वास आला की आता मला लाडूच आठवतो.

आणि इथेच आमची पुढची चूक सापडली. भाची फ्रीजरमधलं उंदराचं पिल्लू वितळवून, खोलीच्या तापमानाला आलं की लाडूपुढे धरायची. वितळलं की झालं, असं आम्ही समजत होतो. पण उबेनं बघणाऱ्याला ते दिसणार कसं? ते भिंतीइतकंच गार, म्हणजे भिंतच! मग नवी रीत ठरली. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवायचं, नंतर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचं, ३८ ते ४० अंशांपर्यंत न्यायचं, डोकं अंगापेक्षा किंचित अधिक गरम. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. त्यात एक भाग शिजतो आणि दुसरा बर्फच राहतो. जिवंत उंदीर पेटीत सोडायचा का, असं कुणी सुचवलंही, पण घाबरलेला उंदीर सापालाच कुरतडून जबर जखमी करू शकतो.

तो शनिवार मला लख्ख आठवतो. बाहेर बर्फ पडत होतं. नऊ वाजता खोलीतले दिवे बंद केले, फक्त बाहेरच्या बोळातला उजेड. दुकानातून कोंबडीचं गोठवलेलं एक दिवसाचं पिल्लू आणलं होतं. त्याच्या पिसांवर भाचीनं उंदराचं गरम पिल्लू चांगलं घोळवलं. उंदराची जाडी लाडूच्या सगळ्यात जाड भागाएवढी, त्याहून मोठी नको. चिमटा हळूच पुढे गेला, थेट तोंडावर नाही, बाजूनं, जमिनीलगत, उंदीर जातो तसा.

लपणीच्या दारात डोकं आलं. जीभ बाहेर, आत. पुन्हा बाहेर, आता जास्त वेळ. मान इंग्रजी ‘एस’सारखी आखडली. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. ताईनं माझा दंड घट्ट धरला होता.

आणि पापणी लवायच्या आत चिमटा रिकामा होता! उंदराभोवती दोन वेढे पडलेले होते आणि वेढा पडताना कुणीच पाहिला नव्हता.

‘आता सोड,’ ताई पुटपुटली. पण भाचीनं चिमट्यानं उंदराची शेपटी अगदी हलकेच, ठोक्याठोक्यानं ओढायला सुरुवात केली. हे तिनं कुठे वाचलं होतं? पेनसिल्व्हेनियातल्या डिकिन्सन कॉलेजच्या स्कॉट बोबॅक यांनी २०१२ साली एक अफलातून प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मेलेल्या उंदरांत कृत्रिम हृदय बसवलं आणि ते बोआ सापांना दिलं. ते हृदय धडधडत राहिलं तोवर साप आवळत राहिले. थांबवलं की सैल झाले. ज्यांनी आयुष्यात कधी जिवंत भक्ष्य मारलं नव्हतं, त्या सापांनीही हेच केलं. साप आपल्या विळख्यानं दुसऱ्याच्या हृदयाचे ठोके ऐकतो! याच गटानं पुढे २०१५ साली दाखवलं की बोआच्या विळख्यात उंदीर गुदमरून मरत नाही. काही सेकंदांतच त्याचं रक्ताभिसरण थांबतं. बोआ वेगळ्या कुळातला, पण भाचीचा तर्क असा की लाडूलाही विळख्यात काहीतरी जिवंत जाणवलं तर तो अर्ध्यावर सोडणार नाही. तो सोडत नव्हता. वेढे आणखी घट्ट झाले.

दहा मिनिटं काहीच हललं नाही. मग विळखा सैल पडला आणि लाडू जिभेनं उंदराचं डोकं शोधू लागला. बहुतेक वेळा डोक्याकडूनच, कारण मग पाय आणि केस मागे दुमडतात, अडत नाहीत. तोंड उघडलं, आणि उघडतच गेलं. लोक म्हणतात साप जबडा निखळवतो, तसं नाही. त्याच्या खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीपाशी जोडलेलीच नसतात, मध्ये लवचीक बंध असतो. मागे कवटीशी तो जबडा एका झुलत्या हाडानं टांगलेला असतो. मागे वळलेल्या दातांची एक बाजू पुढे सरकते, रुतते, मग दुसरी. साप उंदराला आत ओढत नाही, तो आपलं तोंड उंदरावरून चालवत नेतो, मोजा चढवावा तसा. आणि एवढं तोंड भरल्यावर श्वास? भाचीनं टॉर्चच्या मंद उजेडात बोट दाखवलं: जिभेमागून श्वासनळीचं टोक नळीसारखं बाहेर डोकावत होतं. तोंडात आख्खा घास, आणि श्वास खुशाल चालू!

शेवटी शेपटी दिसेनाशी झाली. लाडूनं दोनदा मोठ्ठी जांभई दिली, जबड्याची हाडं जागच्या जागी बसवायला, आणि सावकाश उबदार टोकाच्या लपणीत शिरला. मधोमध फुगलेलं वेटोळं तेवढं दारातून दिसत होतं.

भाचीनं झाकण लावलं, थर्मोस्टॅटचा आकडा पुन्हा तपासला, ३२, आणि वहीत तारीख टाकली. पुढचे दोन दिवस कुणी हात लावायचा नाही, नाहीतर घाबरून सगळं बाहेर टाकेल, अशी तिनं दारावर चिठ्ठी चिकटवली. ताईनं ती वाचली, आणि जाता जाता खोलीचं दार अगदी आवाज न करता ओढून घेतलं.